पक्ष, साध्य आणि बांगड्याचा हंगाम

पावसाळा ओसरून बोटी पुन्हा दर्यात जाऊ लागल्या की चार-सहा दिवसांत आमच्या पुण्यातल्या मंडईतही बांगडा येतो. पुण्यात मासे खाणं म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणं, हे मान्य. तरी आश्विनातल्या पहिल्या बांगड्याला मी कधी नाही म्हणत नाही. नळाखाली धरला की त्याच्या पाठीवरचे निळे-हिरवे पट्टे उजळतात. हाताला तो उग्र, थोडासा लोखंडासारखा वास लागतो आणि तीनदा साबण लावला तरी दुपारपर्यंत जात नाही. त्या दुपारी मी दुसरं काही काम हातात घेत नाही. खिडकीशी बसते आणि ऐंशीच्या दशकातल्या एका आश्विनात जाऊन येते.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मुंबईत एका संस्थेत संशोधन करत होते. विषय असा, की संगणकाला दिलेला प्रोग्रॅम बरोबर आहे हे चालवून बघण्याआधी कागदावर सिद्ध करायचं, भूमितीतलं प्रमेय सिद्ध करावं तसं. हे कुणाला सांगायला गेलं की समोरचा आधी हसायचा. संगणक म्हणजे काय हेच तेव्हा निम्म्या लोकांनी पाहिलेलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं ते म्हणायचे, "चालवून बघा ना. चालला तर बरोबर, नाही चालला तर दुरुस्त करा. त्यात सिद्ध काय करायचं?"

आमच्या बाबांनी मात्र हा प्रश्न विचारला नाही. बाबा रत्नागिरीजवळच्या पावसच्या शाळेत भूमिती शिकवायचे. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा बाबा विद्यार्थी होते. कोणी सांगितलं म्हणून एखादी गोष्ट खरी मानायची नाही, ही शिकवण तेव्हापासून आमच्या घरात होती आणि बाबांनी ती भूमितीच्या तासालाही लावली. फळ्यावर काढलेल्या त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या दिसत असल्या आणि एखाद्या मुलाने त्या सारख्या आहेत असं लिहून टाकलं, की बाबा शांतपणे विचारत, "दिसतायत, की आहेत?" मी त्यांना माझं काम सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे पक्ष काय, साध्य काय, ते आधी लिहायचं. मग प्रत्येक ओळीसमोर कारण. बरोबर?" मी म्हटलं, बरोबर. "मग एवढं कठीण काय आहे त्यात?" ते म्हणाले. माझ्या संशोधनाचं इतकं छोटं आणि इतकं अचूक वर्णन पुढे मोठमोठ्या परिषदांतही मला कुणी ऐकवलं नाही.

माझ्या मार्गदर्शक सरांचा हट्ट होता की सिद्धतेला खरं यंत्र हवं. वहीतली उदाहरणं पुष्कळ झाली. तसं यंत्र मला माझ्याच जिल्ह्यात मिळालं. रत्नागिरीला बंदराजवळ इब्राहिमभाईंचा मासे डबाबंद करण्याचा कारखाना होता. नाटे, जयगड या बंदरांवरून मासळी यायची. बायका ती साफ करून डब्यांत भरायच्या, डबे सील व्हायचे आणि मग रिटॉर्टमध्ये जायचे. रिटॉर्ट म्हणजे एक भलामोठा आडवा प्रेशर कुकर. आत दोन माणसं वाकून उभी राहतील एवढा. त्याला एका टोकाला पोलादी दार आणि दारावर मोटारीच्या स्टिअरिंगच्या दुप्पट चाक. दार लावायचं, वाफ सोडायची, तास-सव्वा तास दाब धरायचा, मग वाफ काढून, गार करून दार उघडायचं. आत वाफेचा दाब असताना कुणी ते चाक फिरवलं तर काय होईल, ते मी इथे लिहीत नाही. दुसरीकडे कुठे तरी तसं घडलं होतं आणि त्याची गोष्ट कारखान्यातल्या प्रत्येक बाईला माहीत होती.

इब्राहिमभाईंना त्या वर्षी रिटॉर्टवर छोटा संगणक बसवायचा होता. पत्र्याच्या डब्याएवढी पेटी. ती दाब मोजणार, वाफेच्या झडपा उघडणार-मिटणार आणि चाकाच्या आड एक जाड पोलादी खीळ घालून ठेवणार. खीळ आड असेपर्यंत चाक फिरत नाही. त्या पेटीतला प्रोग्रॅम लिहायचं काम मी घेतलं. माझं साध्य एका ओळीचं होतं आणि ती ओळ मी वहीच्या पहिल्या पानावर मराठीतच लिहिली होती: आत दाब असताना खीळ कधीही मागे येणार नाही.

'कधीही' या शब्दावर माझं सगळं शास्त्र उभं होतं.

रिटॉर्ट आजवर हाताने चालवायचे ते धोंडूकाका. संगमेश्वरकडचे. तीस वर्षं मुंबईच्या गिरणीत बॉयलरवर होते. गिरण्यांचा संप झाला, लांबला, आणि त्यांच्यासारखे हजारो जण गावी परतले. शेतीत मन रमेना म्हणून ते रत्नागिरीत आले आणि इब्राहिमभाईंच्या रिटॉर्टपाशी उभे राहिले. बारीक अंगाचे, खाकी अर्ध्या चड्डीवर पांढरा सदरा. पहिल्या दिवशी मी पेटी बसवत असताना ते बाजूला उभं राहून बघत होते.

"हा डबा माझा काम करणार?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काम नाही, काका. तुमच्यावर लक्ष ठेवणार."

"तीस वर्सं कोणी ठेवला नाय," ते म्हणाले आणि वाफेची कळ पुसू लागले. राग नव्हता त्यात. पण मला ओशाळल्यासारखं झालं.

त्यांची एक सवय मी लगेच टिपली. काटा शून्यावर आलेला असला तरी चाकाला हात लावण्याआधी ते वरची एक करंगळीएवढी पितळी तोटी उघडायचे आणि कान देऊन उभे राहायचे. सूंऽ आवाज आला नाही, तर मगच चाक. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "काटा खोटा बोलता कधीकधी. वाफ खोटी बोलत नाय." ते मी त्याच दुपारी वहीत लिहून ठेवलं.

आठ दिवस आम्ही यंत्र चालवून पाहिलं. पाण्याने भरलेले डबे आत घालायचे, दाब चढवायचा, उतरवायचा. कधी मुद्दाम झडप अडकवायची, कधी मध्येच थांबवायचं बटण दाबायचं. एकदाही चूक झाली नाही. बाहेर ऊन स्वच्छ झालं होतं. कुंपणाच्या जांभ्या गडग्यांवरचं शेवाळ सुकून तपकिरी पडत होतं, पावस ते रत्नागिरी एसटीच्या खिडकीतून दोन्हीकडे पिवळी पडत चाललेली भातं दिसत. घाटीवर आलं की एकदम समुद्र. मी रोज त्या गाडीने यायचे, मांडीवर वही, आणि मनात कुठलीही शंका नाही. तरुणपणी माणसाला असा आत्मविश्वास असतो आणि तो असावा. एक टोक मात्र मोकळं होतं, कारण सिद्धता पुरी झाली नव्हती.

सिद्धतेची रीत तशी सोपी. ती ओळ यंत्र सुरू होताना खरी आहे हे दाखवायचं. मग प्रोग्रॅमच्या प्रत्येक पायरीबद्दल दाखवायचं, की पायरीच्या आधी ती खरी असेल तर पायरीनंतरही खरी राहते. एवढं झालं की कितीही पायऱ्या चाला, कितीही वर्षं चाला, ओळ ढळत नाही. सगळ्या पायऱ्या मी वहीत चढून गेले होते. चौदा पानं. खाली फक्त पहिली पायरी उरली होती आणि ती इतकी किरकोळ होती, की मी तिच्यासमोर लिहिलं होतं: 'गृहीत – सुरुवातीला रिटॉर्ट थंड व रिकामा आहे.' सकाळी यंत्र सुरू करायचं तेव्हा तो थंडच असणार. दुसरं काय असणार?

इब्राहिमभाईंनी सोमवार ठरवला. नाट्याच्या बोटींना बांगडा भरपूर लागत होता, बायकांना निरोप गेले होते.

शनिवारी दुपारी मी घरी ओटीवर बसून वही स्वच्छ करत होते. बाबा समोर सहामाहीचे पेपर तपासत होते. गठ्ठ्यातला शेवटचा पेपर संपल्यावर त्यांनी माझी वही ओढून घेतली. त्यांना चिन्हं कळत नव्हती, पण विधान आणि कारण हे दोन रकाने कळत होते. बोट ठेवत ठेवत ते वाचत गेले, आणि पहिल्याच पानावर परत आले.

"हे गृहीत तुला कोणी दिलं?"

"कोणी नाही. ते उघडच आहे."

"पक्षात लिहिलंय?"

"नाही."

"मग माझ्या वर्गात मी याचे गुण कापले असते," ते म्हणाले. "सुरुवात म्हणजे कधी, ते ज्याला ठाऊक आहे त्याला जाऊन विचार."

मला राग आला. पोटच्या मुलीच्या प्रबंधाला दहावीच्या पेपरासारखी लाल रेघ मारावी, हे मनाला लागलं. पण दुसऱ्या कुणी तसं म्हटलं असतं तर मी वाद घातला असता. बाबांशी घालता येईना, कारण रकाना खरंच रिकामा होता. रविवारी सकाळच्या गाडीने मी रत्नागिरीला गेले. कारखाना बंद होता. धोंडूकाका आवारातच राहायचे. पायरीवर बसून ते कपडे धूत होते.

"काका, रिटॉर्टचं काम सुरू होतं म्हणजे नेमकं कधी?"

"सकाळी."

"आणि?"

त्यांनी सदरा पिळला. "आणि लाईट गेली नि परत आली, की. पावसानंतर तारा ओल्या असतात, कधीकधी दिवसातून चारदा जाता लाईट. मी हातानं चालवतो, माझा काय अडत नाय. तुझा डबा काय करता तेव्हा?"

लाईट गेली की पेटी बंद. खीळ स्प्रिंगने आपोआप आड जाते, तिथवर ठीक. लाईट आली की पेटी पुन्हा जागी होते आणि प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीपासून सुरू करते. पहिली पायरी म्हणजे डबे आत भरणं. त्यासाठी दार उघडायला हवं. म्हणून पहिली ओळ होती: खीळ मागे घे.

हे सगळं मी काकांना मोठ्याने सांगितलं. धोंडूकाकांनी सदरा दोरीवर टाकला आणि हात पुसले. "चल बघू," ते म्हणाले.

आठ दिवसांत लाईट एकदाही रिटॉर्ट तापलेला असताना गेली नव्हती. तेवढंच आमचं नशीब. काकांनी बॉयलर पेटवला. रिटॉर्टमध्ये नुसतं पाणी ठेवून दाब दहा पौंडांवर आणला. मला भिंतीपलीकडे, खिडकीशी उभं केलं, स्वतः मुख्य स्विचपाशी गेले, खटका खाली ओढला, मनात काही अंक मोजले आणि वर केला. पेटीवरचा दिवा लागला. काटा दहावर होता. आणि त्या मोठ्या शांत शेडमध्ये खीळ मागे सरकल्याचा आवाज आला. खट्ट. अगदी लहान आवाज होता तो. काकांनी चाकाच्या जवळही न जाता पितळी तोटीला लांब आकडा लावून ती उघडली आणि वाफ छपराला लागेपर्यंत उसळली.

मी इब्राहिमभाईंच्या घरी गेले. ते जेवून उठले होते. मी म्हटलं, "सोमवारी यंत्र लावता येणार नाही."

"आठ दिवस चाललं ना? एकदा तरी चुकलं?"

"नाही चुकलं. पण चुकणार आहे, आणि केव्हा ते मला आता ठाऊक आहे."

"वंदनाताई, मी बोटवाल्यांना शब्द दिलाय. तुम्ही मला शब्द दिला होता."

"म्हणूनच आले," मी म्हटलं. "माझ्याच हातची चूक आहे. चार दिवस द्या. तोवर काकांना हाताने चालवू द्या. आणि पेटीची तार मी काढून ठेवली आहे, ती कुणी जोडू नये."

त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट होती. ती त्यांनी लपवली नाही आणि मला दोषही दिला नाही. "धोंडूला विचारतो," एवढंच म्हणाले. त्यांनी काय विचारलं ते मला कळलं नाही, पण सोमवारी पेटी बंद होती आणि काका तोटीला कान देऊन उभे होते.

ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, असं मी म्हटलं तर माझ्या विद्यार्थिनींना नवल वाटतं. चूक सापडल्यावर शरमेने मान खाली गेली होती, पण ती फार वेळ खाली राहिली नाही. कारण मला दिसत होतं, की पद्धतीने दगा दिला नव्हता. चौदा पानं खरी होती. दगा दिला होता तो माझ्या 'उघडच आहे' या शब्दांनी. सिद्धतेत नेमकी तीच जागा रिकामी राहिली होती आणि ती मला आठवडाभर दिसत होती; मीच तिच्यावर गृहीताची चादर टाकली होती. मोठ्या इमारती पडतात त्या बहुतेक वेळा पायाशी. ते लोकांना ठाऊक असतं, तरी सगळे वरचा मजला बघत राहतात.

मी प्रोग्रॅमची सुरुवात पुसून नव्याने लिहिली. आता यंत्र जागं झालं की त्याला पहिली गोष्ट कळायची ती ही, की आपल्याला काहीच माहीत नाही. रिटॉर्ट तापलेला असेल, नसेल. म्हणून आधी वरची झडप उघडी टाकायची, दाब बघायचा, ठरलेला वेळ तो शून्यावर टिकतो का पाहायचं, आणि मगच खिळीचा विचार करायचा. म्हणजे धोंडूकाका तीस वर्षं करत होते तेच. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग चार वर्सं शिकलीस काय?" आणि पहिल्यांदा हसले.

यावेळी पहिल्या पायरीसमोर कारण लिहिता आलं. तरी काही गोष्टी उरल्याच: दाब मोजणारा काटा खरा बोलतो, झडप गाळाने बुजलेली नाही, स्प्रिंग तुटलेली नाही. या मला कागदावर सिद्ध करता येईनात. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "भूमितीलाही काही गोष्टी मानाव्या लागतात. फक्त त्या पहिल्या पानावर लिहिलेल्या असतात, लपवलेल्या नसतात." म्हणून मी त्या तीन गोष्टी एका पत्र्यावर रंगाने लिहून घेतल्या आणि तो पत्रा रिटॉर्टशेजारी लावला. वर मथळा: 'यंत्र हे धरून चालते.' रोज सकाळी त्या तीन गोष्टी तपासणं हे काकांचं काम झालं. माझ्या प्रबंधात या पत्र्यावर एक संपूर्ण प्रकरण आहे. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले आणि सगळ्यात जास्त उत्तरं मला त्यावरच देता आली.

पुढे मी तीस वर्षं हेच काम केलं. ज्या यंत्रांवर माणसांचा जीव असतो, त्यांच्या प्रोग्रॅमांच्या सिद्धता लिहिल्या, तपासल्या, नाकारल्या. आता सिद्धता लिहिणारी-तपासणारी साधनंही आली आहेत. माझी चौदा पानं ती माझा चहा पिऊन होईपर्यंत तपासतात. पण पहिल्या पानावर काय मानलं आहे, हे विचारायला अजून माणूस लागतो. नव्या मुली कामाला आल्या की मी त्यांना आधी ते पान लिहायला लावते. त्यांना ते कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

तर त्या आश्विनातले ते चार दिवस संपले. पाचव्या दिवशी शुक्रवार होता. इब्राहिमभाई स्वतः शेडमध्ये आले. बायका हातातलं काम थांबवून दाराशी जमल्या. खऱ्या बांगड्याचे डबे आत गेले, दार लागलं, खीळ आड आली, वाफ सुटली. काटा दहावर आला तेव्हा मी म्हटलं, "आता लाईट घालवा."

धोंडूकाकांनी स्विचकडे हात नेला नाही. ते माझ्याकडे बघत होते. "त्या दिवशी तुला मी भिंतीच्या पलीकडे उभी केली होती," ते म्हणाले. "आज खयं उभी रवशील?"

तो प्रश्न खवचट नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी चालत जाऊन दाराच्या चाकापाशी उभी राहिले. पोलादाची धग चेहऱ्यावर येत होती. भीती वाटली का, असं मला पुढे अनेकांनी विचारलं. भीती वाटली. पण वहीतली एक-एक ओळ मला पाठ होती आणि प्रत्येक ओळीसमोर कारण होतं. सकाळी काकांबरोबर मी स्वतः स्प्रिंग ओढून पाहिली होती.

खटका खाली गेला. दिवे विझले. वाफेचा आवाज तेवढा उरला. मग खटका वर झाला, पेटीचा दिवा लागला आणि आम्ही सगळे तो लहानसा आवाज ऐकायला थांबलो. तो आला नाही. वरची झडप आपली आपण उघडली आणि वाफ सुसाटत बाहेर पडू लागली. मी दोन्ही हातांनी चाक धरलं आणि अंगातल्या सगळ्या ताकदीने ओढलं. ते तसूभर हललं नाही. मी पुन्हा ओढलं. बायकांपैकी एक म्हणाली, "पुरे गो आता," आणि मी हात सोडले. तळवे लाल झाले होते.

काटा उतरत उतरत शून्यावर आला. ठरलेला वेळ गेला. मग खीळ मागे सरकली.

काकांनी तोटी उघडली, कान दिला, मान हलवली. दार त्यांनीच उघडलं. ती खेप अर्धी शिजलेली होती, म्हणून दार लावून पुन्हा पहिल्यापासून वाफ द्यावी लागली. इब्राहिमभाईंनी त्याबद्दल शब्द काढला नाही. "चालू द्या," म्हणाले आणि ऑफिसकडे गेले. बायका आपापल्या जागी परतल्या. काटा पुन्हा चढू लागला.

बॉयलर पेटलेला असताना धोंडूकाका कधीच जेवायला उठत नाहीत, हे मला त्या दुपारी कळलं. गिरणीतल्या तीस वर्षांत नाही, इथेही नाही. काट्याकडे तोंड करून, उभ्यानेच ते भाकरी खात. त्या दिवशी त्यांनी कोपऱ्यातला आपला डबा उचलला, काट्याकडे एकदा पाहिलं, पत्र्यावरच्या तीन ओळींकडे एकदा, आणि माझ्याकडे.

"तू हाईस ना हितं?"

"आहे."

"मग जरा बसून जेवतो," ते म्हणाले, आणि बाहेर उंडीच्या झाडाखाली, रिटॉर्टकडे पाठ करून बसले.